फुकटचे आणि मुक्त

यवतमाळ जिल्ह्यातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, वाचनालय किंवा बचतगटांचा संघ आपले संकेतस्थळ उभारायला निघाला की पहिला प्रश्न हमखास हाच येतो : थीम फुकट कोठे मिळेल? संकेतस्थळाचे बाह्य रूप ज्या साच्यातून घडते ती थीम. आणि अर्ज भरून घेणे, छायाचित्रे मांडणे, वर्गणी स्वीकारणे अशा एकेका कामाची जोड त्याला देतात ते प्लगइन. प्रश्नात गैर काही नाही. ज्या संस्थेचा हिशेब वर्षअखेर कसाबसा जुळतो, तिने परदेशी चलनातील वर्गणी का भरावी? गैर आहे तो त्यातील शब्द. इंग्रजीतील ‘फ्री’ या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. मराठीपाशी त्यांसाठी दोन निराळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. आपल्या भाषेने करून दिलेला हा भेद आपणच वापरत नाही आणि त्याचा नफा बाजार खातो.

ज्या आज्ञावलीसाठी ही शोधाशोध बहुधा चालते तिचे नाव वर्डप्रेस. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज तिच्यावर चालतात. ती कोणा कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच माणसाने लिहिलेली ‘बी-टू’ नावाची एक लहानशी आज्ञावली होती. तिचे काम थंडावले तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते पुढे नेले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस प्रसिद्ध केली. कोणाची परवानगी मागण्याचे त्यांना कारण पडले नाही, कारण ‘बी-टू’ सार्वजनिक परवान्याखाली होती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सिद्ध झालेल्या या परवान्याचा आशय असा : आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवा, तिची रचना उघडून पाहा, तीत बदल करा, दुसऱ्याला द्या, मात्र देताना तुम्हांला मिळालेले हेच सर्व अधिकार त्यालाही द्या. या अखेरच्या अटीतच सगळे बळ आहे. जे सामाईक म्हणून हाती आले ते खाजगी करून पुढे देण्याचा मार्ग ती बंद करते.

कापूसकऱ्याला हे तत्त्व नव्याने शिकवावे लागू नये. घरचे बी राखणे, शेजाऱ्याला देणे, त्याच्याकडचे आणून आपल्या रानात पेरून पाहणे हा वऱ्हाडातील शेतीचा जुना व्यवहार. वाणसंरक्षण व शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याने कलम ३९ मध्ये तो मान्यही केला. पण २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि तो मुख्यतः संकरित वाणांच्या रूपाने शेतात आला. संकरित वाणाचे राखलेले बी पुढील हंगामात तसेच पीक देत नाही. हक्क कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि बी दरसाल दुकानातून आणणे भाग पडले. पुढे त्याच दुकानाच्या मागच्या दाराने ‘चोर बीटी’ आले : मान्यता नाही, बनविणाऱ्याचा पत्ता नाही, उगवले नाही तर तक्रार कोठे करायची ते ठाऊक नाही.

थीमच्या बाजारातही चोर बीटी आहे. विकत मिळणाऱ्या थीमची कुलपे काढून ती फुकट वाटणारी संकेतस्थळे शेकड्यांनी सापडतात. या मालाला ‘नल्ड’ म्हणतात. सार्वजनिक परवान्याखालील वस्तू पुन्हा वाटण्यास मनाई नाही, तेव्हा आक्षेप वाटण्याला नाही. आक्षेप आहे तो वाटताना आत काय कालवले याचा थांग लागत नाही याला. पुष्कळदा त्यात चोरवाट ठेवलेली असते. मग एके दिवशी पतसंस्थेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती उमटतात, आणि सभासद विचारतात की ठेवी तरी सुरक्षित आहेत ना.

‘मग पैसे मोजून कंपनीकडूनच घ्यावे’ असे आपल्यातील काही शहाणे सुचवितात. त्यांनी ॲक्सेसप्रेस थीम्स या कंपनीचे उदाहरण ध्यानात घ्यावे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील ४० थीम आणि ५३ प्लगइनांत कोणी तरी चोरवाट घुसविल्याचे पुढे उघडकीस आले. वर्डप्रेसच्या सामाईक भांडारातून उतरविलेल्या त्याच वस्तू मात्र निर्दोष आढळल्या. या भांडारात सुमारे ६० हजार प्लगइन आणि दहा हजारांहून अधिक थीम आहेत. सार्वजनिक परवान्याशी सुसंगत नसलेले काहीही तेथे ठेवता येत नाही आणि नवी थीम स्वयंसेवकांच्या तपासणीवाचून आत येत नाही. शोधायचे ते येथे. शोधताना पाहायचे ते इतकेच : शेवटची सुधारणा केव्हा झाली, किती जण वापरतात, तक्रारींना उत्तरे मिळतात की नाही. आणि झगमगाटाचा मोह नको. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या एखाद्या गावातून, क्षीण संदेशवहनावर, साध्या फोनवर जे पान उघडत नाही, ते यवतमाळच्या कार्यालयात कितीही देखणे दिसले तरी आपल्या उपयोगाचे नाही. अक्षरांसाठीही वणवण नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडविलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.

याच भांडारातील थीम घेऊन ती संस्थांना विकणारे व्यावसायिक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्यावर सरसकट तुटून पडण्याचे कारण नाही. परवान्याने विक्रीस बंदी केलेली नाही, आणि श्रमाचा मोबदला मागणाऱ्याला आपण तरी नावे ठेवू नयेत. लूट होते ती अन्यत्र. संकेतस्थळाचे नाव संस्थेऐवजी व्यावसायिकाच्या नावे नोंदले जाते, व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द त्याच्याच खिशात राहतो, आणि दरवर्षी किल्लीचे भाडे वसूल होते. आज्ञावली मुक्त आणि संस्था वेठबिगार! करारात दोन ओळी घालून हे टळते. त्या घालण्याची जबाबदारी आपल्या संचालकांची आहे, व्यावसायिकाची नव्हे.

सामाईक भांडार म्हणजे सर्व कुशल, असेही समजू नये. ते ज्या संकेतस्थळावर आहे त्याचा ताबा मुलेनवेग यांच्याकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी त्यांचा वाद पेटला तेव्हा त्यांनी तिला भांडाराची दारे बंद केली, आणि ऑक्टोबरमध्ये तिचा एक लोकप्रिय प्लगइन नाव बदलून आपल्या हाती घेतला. डिसेंबरात अमेरिकेतील न्यायालयाने पूर्वस्थिती आणण्याचा अंतरिम आदेश दिला. डब्ल्यूपी इंजिनमागे मोठे खाजगी भांडवल आहे, तेव्हा तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण लाखो लोकांच्या श्रमाने भरलेल्या कोठाराची किल्ली एका माणसाच्या कमरेला असावी, हे आपल्याला कसे चालावे? परवाना सामाईक झाला, व्यवस्थापन झाले नाही. सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास पाहिलेल्या महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही.

म्हणून नुसते घेणारे राहून भागणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलींचे धोरण जाहीर केले. केरळने तर शाळांतील संगणक मुक्त आज्ञावलींवर चालवून दाखविले. यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी शेतकरी कंपन्या आणि ग्रंथालये यांच्यासाठी दोन-चार साध्या, हलक्या, मराठी थीम घडवाव्यात आणि त्या सामाईक भांडारात ठेवाव्यात, ही मागणी आपल्या जिल्हा शाखांना आजच करता येईल. ज्यांना आज्ञावली लिहिता येत नाही त्यांनाही काम आहे. थीम आणि प्लगइनांतील इंग्रजी वाक्ये मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांसाठी खुले आहे. कितीतरी प्लगइनांच्या अर्जांवर अजून इंग्रजीच झळकते, आणि राळेगावची शेतकरी बाई त्या अर्जापुढे थबकते. पक्षाच्या अभ्यासवर्गांत महिन्यातून एक संध्याकाळ या भाषांतराला द्यावी.