रद्दी आपली, कागद परक्याचा

गेल्या पावसात पडवीतला माझा रद्दीचा गठ्ठा भिजला. रद्दीवाल्याने हातही लावला नाही. आणि गंमत बघा, आपल्या कागद गिरण्या रद्दीसुद्धा परदेशातून आणतात!

नुसती रद्दीच नाही, तयार कागदही येतो. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १४ लाख टन कागद-पुठ्ठा आयात झाला. पुढच्याच वर्षी सुमारे १९ लाख टन. का? लगद्याचं लाकूड आपल्याकडे अपुरं आणि महाग. शिवाय २०१० पासूनच्या आसियान करारामुळे इंडोनेशियासारख्या देशांच्या कागदावरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली.

स्वस्त मिळतंय, मग बिघडलं कुठे? इथल्या गिरण्या मंदावल्या, की त्यांना लाकूड विकणारा शेतकरी आणि रद्दी गोळा करणारी बाई, दोघांचीही कमाई आटते. आणि २०२२ सारखी कागदटंचाई आली, की जूनमध्ये वह्यांचे भाव ऐकून आपलेच डोळे पांढरे होतात.

जकात आपल्या हातात नाही, रद्दी आहे. कचरा वेगळा करण्यात आपल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने नाव कमावलंय. मग पावसात कागद कोरडा ठेवणं आपल्याला जड आहे का? आणि हो, मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून कच्ची वही नक्की करा!