तपासणी आली, चुना मारा!

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, तुम्ही आता पोलिसांवर लिहिणार म्हणे. या वयात कशाला ती भानगड?" मी म्हटलं, बाबा रे, या वयात नाही लिहायचं तर कधी? माझी आता बदली थोडीच होणार आहे!

गोष्ट मागच्या वर्षीची. माझी एक जुनी विद्यार्थिनी दरवर्षी ऊसतोडीला जाते. नवऱ्याचा मार खाऊन ती माझ्या दारात आली. तिला घेऊन मी एका ठाण्यात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाहीच. तीन तास बाकावर बसलो. भिंतींना नवा रंग दिला होता, कुंड्यांना गेरू लावणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांची तपासणी होती म्हणे! शेवटी एकाने मान वर केली आणि म्हणाला, "घरचं भांडण आहे, मिटवून घ्या." ती मला म्हणाली, "गुरुजी, चला घरी. लेकरं उपाशी असतील."

त्या रात्री मला झोप आली नाही. पोलिसांच्या रागाने नव्हे, स्वतःच्या आठवणीने. आमच्या शाळेतही साहेबांची तपासणी असली की आम्ही चुना मारायचो, हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायचो, आणि वाचता न येणाऱ्या एखाद्याला हळूच सांगायचो, "उद्या तू येऊ नकोस." होय, मीही सांगितलं आहे. ज्याच्यासाठी शाळा उघडली, त्यालाच तपासणीच्या दिवशी घरी ठेवलं. पोलीस ठाण्याच्या वार्षिक तपासणीतही रजिस्टरं दिसतात, परेड दिसते. तीन तास बसून परत गेलेली बाई कुठल्या रजिस्टरात दिसणार?

मला खरं शिकवलं ते साहेबांनी नाही. गटसंमेलनात शेजारच्या गावच्या एका गुरुजींनी माझा पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला आणि नंतर चहा पिताना म्हणाले, "पाठ छान झाला. पण मागच्या ओळीतल्या मुलींना तुम्ही तासभरात एकही प्रश्न विचारला नाही." मला राग आला नाही, लाज वाटली. कारण तेही माझ्यासारखेच खडू झिजवणारे होते. त्यांना माझी अडचणही कळत होती आणि माझी लबाडीही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोलिसांनाही असे शेजारचे गुरुजी हवेत. इंग्लंड-वेल्समध्ये एका दलाचे अनुभवी अधिकारी दुसऱ्या दलात जातात, घरगुती हिंसा, लहान मुलं अशी प्रकरणं कशी हाताळली ते पाहतात, आणि चांगलं काय, उणं काय ते तोंडावर सांगतात. सरकारी निरीक्षक तिथे १८५६ पासून आहेतच. हे त्याहून वेगळं. आणि आपल्याकडे तरी ही कल्पना परकी कुठे आहे? बाळंतपणात आई दगावली की आपला आरोग्य विभाग माता मृत्यू अन्वेषण करतो. त्याचा हेतू कुणाला सुळावर देणं हा नसतो. उशीर कुठे झाला, हे शोधायचं असतं.

कायदे कमी आहेत म्हणून अडलंय का? मुळीच नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, गणवेश न घालता घ्यावा, असं २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार-चार वर्षांच्या मुलींच्या आईबापांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन् तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, मग निलंबनं झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सगळं नंतर! त्याही आधी १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा प्रकरण घडलं. त्याच्या निकालावर १९७९ मध्ये जाब विचारला तो कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, खुलं पत्र लिहून. १९८३ मध्ये कायदा बदलला. पण कायदा बदलल्याने उंबरठ्यावरचं पहिलं वाक्य बदलत नाही. ते वाक्य शेजारीच बदलू शकतो.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, सगळे एका माळेचे मणी. एकमेकांना झाकतील." शंका रास्त आहे. म्हणूनच सांगतो, गुन्हा झाला असेल तिथे ही मैत्रीची तपासणी नकोच. आमच्या शेजारी परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत असताना गेला, आणि गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. अशा ठिकाणी स्वतंत्र चौकशीच हवी. २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने सांगितलेलं तक्रार प्राधिकरणही दात असलेलं हवं. पण रोजच्या हजार छोट्या हलगर्जीपणांचं काय? त्या न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत. त्या बाकावरूनच उठून घरी जातात.

करणं अवघडही नाही. नांदेड परिक्षेत्रात नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर असे चार जिल्हे आहेत. परभणीच्यांनी हिंगोलीचं पाहावं, हिंगोलीच्यांनी लातूरचं. नुसते साहेब नकोत, एखादी महिला शिपाईही हवी, आणि पोलिसांबरोबर बसून काम करणारी एखादी समाजसेविकाही. मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवून हे जमतं, हे दाखवलंच आहे. चिठ्ठ्या टाकून वीस कागद काढा आणि चार प्रश्न विचारा. ती किती वेळ बसली? तिच्याशी पहिलं वाक्य कोण आणि काय बोललं? रिकाम्या हाताने परत गेलेल्यांची नोंद कुठे आहे? महिन्याने तिची विचारपूस कुणी केली? आणि उत्तरांचा गोषवारा नावं न घालता ठाण्याच्या भिंतीवर लावा. त्या नव्या रंगावरच!

मनुष्यबळ कमी आहे, हे मला मान्य. पण चुना मारायला माणसं मिळतात ना?

ती विद्यार्थिनी यंदाही ऊसतोडीला गेली. त्याच नवऱ्याबरोबर. मी तिला पुन्हा ठाण्यात चल म्हणालो होतो. ती काही बोलली नाही, नुसती हसली. ज्याला मी घरी ठेवलं होतं, तो पोरगाही असाच हसला होता.