दिवाळीपर्यंत मुदत

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीतल्या मराठी माणसांना आणि त्यांना पाळीवर ठेवणाऱ्या शेठ लोकांना हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या.

२०२४ चा उन्हाळा आठवा. २१ एप्रिलला सुरत लोकसभेच्या काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला. सह्या आमच्या नाहीत, असं त्याच्याच सूचकांनी लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. ७ मेला सोळा लाखांहून जास्त मतदारांपैकी एकाच्याही बोटाला शाई लागली नाही. ‘नोटा’ दाबायलाही यंत्र नव्हतं. लिंबायत, उधना हे भाग नवसारीच्या मतदारसंघात, म्हणून तिथं मतदान झालं. त्या दिवशी तुम्ही रांगेत होता की लूमवर, हे ज्याचं त्याने आठवावं. २०२२ च्या विधानसभेला शेजारच्या करंजमध्ये जेमतेम निम्मं मतदान झालं होतं. तिथं तर यंत्रं होती.

आपलं दुखणं उघड आहे. माणूस सुरतेत, नाव अमळनेर नाहीतर शहाद्याच्या यादीत. गुजरातचं मतदान ७ मेला, जळगाव-नंदुरबारचं १३ ला, धुळ्याचं २० ला. इथं नाव नाही आणि तिकडे जावं तर कापडाच्या मीटरवरचा पगार बुडतो. वीस वर्षं इथं राहून गटाराची तक्रार नगरसेवकाकडे नेता, तेव्हा तो आधी यादी बघतो. बघणारच.

म्हणून भाऊ, दिवाळीला गावची गाडी धरण्याआधी फॉर्म ८ भरून नाव इथं आणा. कुठंच नाव नसेल तर फॉर्म ६. गावी भाऊबंदकीत मत लागतं म्हणून तिकडेच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण मग मतदानाला तिकडे जा. दोन्हीकडे नाव चालत नाही. खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी बंद होते, तेव्हा धावत येऊ नका. दिवाळीनंतर ज्याचं नाव कुठल्याच यादीत नसेल, त्याच्या पाण्याच्या अर्जावर आम्ही सही करणार नाही.

आता शेठ. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब वाचून घ्या. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. ‘मीटरवर काम, सुट्टी कसली?’ हे चालणार नाही. मोठ्या नुकसानीची पळवाट कायद्यात आहे, पण एक दिवस बंद राहिलेलं लूम म्हणजे फुटलेला बॉयलर नव्हे. दंड पाचशेपर्यंतच, तुमच्या चहापाण्याइतका. तरी मतदानाच्या आठ दिवस आधी लूमच्या खात्याच्या दारावर पगारी सुट्टीचा कागद दिसला नाही, तर लेखी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जाईल, खात्याच्या नावानिशी. तिची एक प्रत चाळीच्या भिंतीवर लागेल.

मतदानाच्या सक्तीचा कायदा गुजरातने करून पाहिला. २००९ मध्ये मंजूर, २०१४ मध्ये राज्यपालांची सही, २०१५ मध्ये शंभर रुपये दंडाचा नियम आणि लगेच हायकोर्टाची स्थगिती. त्यामुळे तुम्हाला रांगेत उभं करायला सरकार येणार नाही. आम्ही येऊ. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दारोदार फिरू, हातात यादी असेल.