पुन्हा बाईक घ्यायचीय? कर कमी झाला म्हणून थेट ३५० सीसीच घ्यावी का?

कॉलेजात आरएक्स १०० किंवा स्प्लेंडर पळवली. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. बाईक विकली गेली आणि दारात आधी स्कूटर, नंतर कार आली. आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा एकदा बाईक खुणावतेय. जीएसटी कमी झाल्यापासून तर घरच्यांना पटवायला एक कारणही मिळालं आहे. पण कर वाचतो म्हणून निवडलेली बाईक आपल्याला झेपेलच असं नाही.

करात नेमकं काय बदललं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर पूर्वी सेस धरून ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. म्हणजे कराआधी दीड लाख किंमत असलेली ३५० सीसीच्या आतली बाईक १ लाख ९२ हजारांवरून १ लाख ७७ हजारांवर आली. थेट १५ हजारांचा फरक.

विम्याची रेषाही इथेच आहे. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी त्याचा हप्ता ७,३६५ रुपये, तर त्यावरच्या बाईकसाठी १५,११७ रुपये आहे.

साहजिकच ३५० सीसीची बाईक 'फायद्याचा सौदा' वाटते. पण ही रेषा सरकारने करासाठी आखली आहे. चालवणाऱ्याच्या सवयीशी तिचा काही संबंध नाही.

सीसी नाही, वजन बघा

स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो. क्लासिक ३५० चं १९५ किलो. हंटर ३५० त्यातल्या त्यात हलकी, तरी १८१ किलो. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही. ते जाणवतं पार्किंगमधून गाडी मागे घेताना, चढावर थांबताना, मागे कुणी बसलेलं असताना यू-टर्न मारताना. बरेचदा बाईक पडते ती अशाच वेळी.

म्हणून शोरूममध्ये पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून घ्यावी. गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का? स्टँड काढून ती पुढे-मागे ढकलता येते का? रोज ऑफिसला जायचं असेल तर १२५ ते १६० सीसीची, १२० ते १५० किलोची बाईक पुरते. सुट्टीत दोघांनी हायवेवर लांब जायचं असेल, तर ३५० सीसीची स्थिर चाल उपयोगी पडते. पण त्याआधी सराव हवाच.

जुनी सवयच दगा देते

सायकलसारखीच बाईकही विसरत नाही, असं म्हणतात. अडचण तिथेच आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. आता ते उलट आहे. मधली वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवणाऱ्यांचा डावा हात ब्रेक दाबायला सरावलेला असतो. बाईकवर त्याच जागी क्लच आहे. अचानक कुणी आडवं आलं आणि डाव्या हाताने फक्त क्लच दाबला गेला, तर गाडी थांबत नाही, मोकळी होऊन पुढे जाते.

इथे एबीएस मदतीला येतं. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक लॉक होऊ देत नाही. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या बाईकना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्ही चाकांना. थोडे पैसे जास्त लागले तरी ड्युअल घेणं चांगलं. सेकंड हँड घेताना २०१९ च्या आधीचं मॉडेल असेल, तर एबीएस आहे की नाही ते आवर्जून पाहावं.

लायसन्स शोधलंत का?

तिशीच्या आत काढलेलं लायसन्स आता वयाच्या चाळीसपर्यंतच चालतं. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. काहींचं लायसन्स फक्त बिनगिअरच्या दुचाकीचं असतं, ते बाईकला चालत नाही. वैध लायसन्स नसताना अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

मग बजेट कसं ठरवायचं?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. त्यामुळे शोरूमची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. करात वाचलेल्या १५ हजारांत आयएसआय मार्क असलेली दोन हेल्मेट, जॅकेट आणि ग्लोव्हज बसतात. त्यात दोन-चार रविवारच्या सकाळी रिकाम्या मैदानावर ब्रेक आणि यू-टर्नचा सराव धरला, की ही दुसरी इनिंग सुरू करायला हरकत नाही. मोठी बाईक वर्षभरानेही घेता येते.