चांगले यंत्र पडून का राहते?

बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राजवळच जालहळ्ळी आहे. तिथल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने २००४ साली तळहातावर मावणारा एक संगणक बाजारात आणला, 'अमिडा सिंप्युटर'. मूळ कल्पना भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची आणि एन्कोअर कंपनीच्या विनय देशपांडे यांची. निरक्षर माणसालाही तो वापरता यावा, एकाच यंत्रावर साऱ्या गावाचे काम भागावे आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डात राहावी, असा हा बेत. कौतुक जगभर झाले, खप मात्र काही हजारांवरच थांबला. किंमत ९,९५० रुपयांपासून पुढे. इकडे २००३ पासूनच ५०१ रुपये भरले की मोबाइल हाती पडत होता!

ऑक्टोबर २००९ मध्ये सोनीसारख्या बलाढ्य कंपनीलाही असाच धडा मिळाला. तिचे 'पीएसपी गो' हे खेळाचे यंत्र छोटे, देखणे, खिशात मावणारे. पण त्यात डिस्क घालायची सोयच नव्हती. प्रत्येक खेळ इंटरनेटवरून विकत घ्यायचा. म्हणजे घरातल्या जुन्या डिस्का निरुपयोगी. मित्राकडून खेळ आणणे नाही की कंटाळा आल्यावर तो विकणे नाही. दुकानदारालाही यंत्र विकून झाल्यावर पुढे विकायला फारसे काही उरत नव्हते. एवढे सगळे गमावून किंमत किती? अमेरिकेत जुने यंत्र १७० डॉलरला, तर हे २५० ला! २०११ साली सोनीने ते बंद केले.

ग्राहक नुसते यंत्र घेत नाही. त्याच्याबरोबर येणारी सोय, दुरुस्ती, देवघेव हे सारे तो मनातल्या मनात तोलत असतो. काही काढून घ्यायचे असेल, तर किमतीतही तेवढी सूट हवी. २०२० साली सोनीनेच डिस्कविना 'प्लेस्टेशन ५' आणला, तो डिस्कवाल्यापेक्षा १०० डॉलरनी स्वस्त. तो खपलाही.

तेव्हा मुलांनी असे यंत्र मागितले, तर नुसती किंमत पाहू नका. वर्षभरात खेळांवर किती खर्च होईल? धाकट्याला तेच खेळ वापरता येतील का? आणि कंपनीने उद्या आपले दुकान बंद केले, तर घेतलेल्या खेळांचे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पाकिटाला हात घाला.