नवे मीटर भिंतीवर, हिशेब आपल्या वहीत



सिंदखेडराजा तालुक्यातल्या आपल्या साखरखेर्ड्यात काय आणि आसपासच्या खेड्यांत काय, सध्या बायाबापड्यांच्या बोलण्यात एकच विषय असतो : नवे मीटर. कुणी म्हणते ते पळते. कुणी म्हणते आता मोबाइलसारखे रिचार्ज मारावे लागणार, पैसे संपले की रात्री बारा वाजता अंधार. मुलगी दहावीला असलेल्या घरात ही भीती किती मोठी असते हे वेगळे सांगायला नको. म्हणून या वेळी पाककृती आणि पापड-लोणची बाजूला ठेवून विजेच्या मीटरवर लिहीत आहे.

आधी रिचार्जची गोष्ट. केंद्र सरकारची वितरण सुधारणेची योजना २०२१ साली आली. तिच्याखाली महावितरणने २०२३ मध्ये राज्यभर सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर बदलण्याची कंत्राटे दिली. तेव्हा हे मीटर आधी पैसे भरण्याचे, म्हणजे प्रीपेड असणार होते. लोकांनी ठिकठिकाणी विरोध केला, आणि जून २०२४ मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर जे मीटर घरोघर बसू लागले त्यांना टीओडी मीटर म्हणतात. यंत्र स्मार्टच आहे, पण बिल पहिल्यासारखेच महिना सरल्यावर येते. मीटर बदलण्याचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नाहीत. बसवायला आलेल्या माणसाने चहापाण्याला मागितले तर चहा द्यावा, पाणी द्यावे, पैसे देऊ नयेत.

वीज हा विषय आपल्याला परका नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचे धोरण त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत विजेवरच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय या देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि गरिबाची दारिद्र्यातून सुटका होणार नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. २०२१ च्या १४ एप्रिलला महावितरणने अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी बाबासाहेबांच्या नावानेच जीवन प्रकाश योजना सुरू केली होती. अनामत रक्कम पाचशे रुपये, तीही पाच हप्त्यांत. त्या योजनेतून ज्यांच्या घरी पहिल्यांदा दिवा लागला, त्यांच्याही भिंतीवर आता हे नवे मीटर येते आहे.

मीटर बदलायला माणूस येईल तेव्हा घरात कुणीतरी जाणते असावे. सासूबाई एकट्या असतील तर शेजारच्या शिकलेल्या पोराला बोलवावे. जुने मीटर काढण्याआधी त्यावरचा आकडा आणि मीटर क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढावा. नवे बसले की त्याचा क्रमांक, सुरुवातीचा आकडा आणि सील यांचाही फोटो काढावा. मीटर बदलल्याचा कागद असतो, त्यावर दोन्ही आकडे लिहिलेले पाहूनच सही किंवा अंगठा करावा आणि एक प्रत मागून घ्यावी. हा फोटो फार कामाचा आहे. पुढे कधी सील तुटल्याचा किंवा चोरीचा आळ आला तर तोच आपला साक्षीदार. आकडे टाकण्याचा आरोप आपल्या वस्त्यांवर किती सहज होतो, हे का मी तुम्हाला सांगायचे? बसवून झाल्यावर तारा घट्ट कसल्या आहेत ना, हे त्या माणसालाच तपासायला लावावे. ढिली तार तापते, जळका वास येतो. तसा वास आला तर हात न लावता मेन स्विच बंद करून तक्रार करावी.

ज्या महिन्यात मीटर बदलले त्या महिन्याचे बिल नीट वाचावे. त्यात जुन्या मीटरचे शेवटपर्यंतचे युनिट आणि नव्या मीटरचे युनिट, दोन्हींची बेरीज असते. फोटोतल्या आकड्यांशी ती ताडून पाहावी. कधी रेंज नसल्याने नव्या मीटरचे रीडिंग पोहोचत नाही. मीटरमधला आकडा त्यामुळे पुसला जात नाही, पण बिल सरासरीने येते आणि मग दोन-तीन महिन्यांचे एकदम अंगावर येते. अशा वेळी शंभर युनिटांची स्वस्त पायरी त्या सगळ्या महिन्यांना धरून लावली आहे का, हे पाहावे. तीन महिन्यांचे बिल असेल तर पहिल्या पायरीचे तीनशे युनिट मिळायला हवेत. एकाच महिन्याची पायरी लावली असेल तर बिल दुरुस्त करून मागावे.

आता मीटर पळते का, हा खरा प्रश्न. त्यासाठी आधी आपला वापर आपल्याला ठाऊक पाहिजे. नऊ वॉटचे तीन दिवे सहा तास, पंच्याहत्तर वॉटचे दोन पंखे दहा तास, साठ वॉटचा टीव्ही चार तास, एवढे धरले तर दिवसाला १.९ युनिट होतात, महिन्याला सत्तावन्न. मार्चअखेर कूलर बाहेर निघतो. दोनशे वॉटचा कूलर रात्रभर दहा तास चालला की रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. म्हणजे सत्तावन्नचे एकशे सतरा होतात आणि शंभराच्या पुढच्या युनिटांना वरचा दर लागतो. मीटर मार्चमध्ये बदलले आणि एप्रिलचे बिल दुप्पट आले, तर त्यात मीटरचा दोष की कूलरचा? यासाठी मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. जुने चकतीचे मीटर म्हातारपणी हळू चालत असे, हेही खरे. त्यामुळे थोडी वाढ दिसली म्हणून लगेच मीटरवर राग काढू नये.

पण वाढ थोडी नसेल तर? घरातच एक तपासणी करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकेल हे छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातले सगळे बंद करून फक्त शंभर वॉटचा साधा बल्ब लावा. ३२०० च्या मीटरवर दिवा साधारण सव्वाअकरा सेकंदांनी एकदा, म्हणजे दहा मिनिटांत त्रेपन्न वेळा लुकलुकला पाहिजे. शाळेतल्या पोराला वहीत रेघा ओढायला बसवा, त्याचे गणितही होईल. सत्तर-ऐंशी आले तर तक्रारीला आधार मिळाला. मग बल्बही बंद करा. सगळी बटणे बंद असताना दिवा लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी गळते आहे, नाहीतर दुसऱ्याचा वापर आपल्या मीटरमधून जातो आहे.

या दुसऱ्याच्या वापराविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत हीच अडचण जास्त असते. भाऊ वेगळे निघतात, चूल वेगळी होते, धाकट्याच्या नावे दुसरे मीटर येते. गावातला वायरमन फेजची तार वेगळी ओढतो, पण न्यूट्रल जुन्याच तारेला जोडून मोकळा होतो. दिवे लागतात, कुणाला काही वाटत नाही. वीज फेजने येते आणि न्यूट्रलने परत जाते. चकतीचे मीटर फक्त येणारी वीज पाहत असे. इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारा पाहते आणि ज्या तारेत जास्त वीज असेल तिच्यावर युनिट मोजते. आता धाकट्याच्या घरी कूलर लागला. त्याच्या मीटरने तो फेजमध्ये मोजला. परतीची वीज थोरल्याच्या न्यूट्रलमधून गेली, म्हणून थोरल्याच्या मीटरनेही तो मोजला. एकच कूलर, दोन बिले! मग जावाजावांत धुसफूस सुरू होते, तुम्हीच आकडा टाकला असा संशय घेतला जातो. न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या तारेवर दिवा चालवला तरीही मीटर असेच गोंधळते आणि त्याची नोंद गैरप्रकार म्हणून ठेवते.

हे ओळखणे सोपे आहे. थोरल्याने सगळी बटणे बंद करावीत, धाकट्याने पंखे लावावेत. थोरल्याचे मीटर लुकलुकू लागले तर न्यूट्रल एकच आहे. परवानाधारक वायरमन बोलावून दोन्ही घरांच्या तारा वेगळ्या करून घ्याव्यात. मीटरपुढचे हे वायरिंग आपले आहे, त्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. मीटरच्या सीलला मात्र कुणीही हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

दिवसा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे सवलत १ जुलै २०२५ पासून जाहीर झाली होती. आपल्या बिलात ती रक्कम दिसते का ते पाहावे. माझे मत विचाराल तर ज्या घरातली माणसे दिवसभर सोयाबीन सोंगायला नाहीतर कापूस वेचायला जातात, त्यांच्या पदरात यातले फारसे काही पडत नाही. त्यांचा पंखा रात्रीच फिरतो. घरी शिलाई मशीन मोटरवर चालवणाऱ्या बहिणींनी आणि इस्त्रीचे काम करणाऱ्यांनी मात्र वेळ बघून काम करावे.

तक्रार तोंडी करू नये. १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, कार्यालयात अर्ज दिला तर पोहोच घ्यावी. बारा आकडी ग्राहक क्रमांक अर्जावर हवाच. पुष्कळ घरांत बिल अजून वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावाने येते आणि मोबाइल नंबर भलत्याचाच नोंदलेला असतो. ते आधी बदलून घ्यावे, म्हणजे बिलाचा संदेश आपल्या हाती येईल.

नवे मीटर चुकीचे मोजते अशी तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरे तपासणी मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा असतो. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये ही तरतूद आली आहे. अर्जात तिचा उल्लेख करावा.

आणि बिल वादात असताना लाइन कापतील, ही धास्ती असते. वीज कायदा २००३ चे कलम ५६ पाहा. थकबाकीसाठी लाइन तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा आजवर महिन्याला सहाशे रुपये येत होते आणि एकदम चार हजार आले. अर्ज द्यावा, सहाशे भरावेत, पावतीसोबतच्या अर्जावर ‘निषेध नोंदवून भरणा’ असे लिहावे. बिल फाडून फेकले आणि काहीच भरले नाही, तर हे संरक्षण मिळत नाही.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याला वकील लागत नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचे. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येते. विदर्भासाठी त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. ज्यांना अर्ज लिहिणे जमत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात बिल, पावत्या आणि मीटरचे फोटो घेऊन यावे. आपली कॉलेजातली मुले तेथे असतात, एकाने लिहावा आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावा.