पहिली शंका त्या माउलीची

कोपर्डीच्या निकालाबद्दल आमच्या नगर जिल्ह्यात कुणी चकार शब्द काढला, की समोरून ठरलेला प्रश्न येतो: "तुमच्या घरची पोर असती तर?" हा प्रश्न मी टाळणार नाही. माझ्या घरची पोर असती, तर पोलिसांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं असतं त्याच्या अंगावर मी धावून गेलो असतो. पुरावा मागायला थांबलोच नसतो. म्हणून तर निवाड्याचं काम बापाकडे देत नाहीत. पण त्या बापालाही मनाच्या तळाशी एक गोष्ट हवी असते, रागाच्या भरात ती त्याच्या तोंडून निघत नाही एवढंच. धरलेला माणूस खरोखर तोच असावा, ही ती गोष्ट.

१३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आलं. १८ नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं आणि २९ नोव्हेंबरला तिघांनाही फाशी सुनावली. एकावर बलात्कार आणि खून शाबीत झाला, उरलेल्या दोघांवर कट आणि गुन्ह्याला साथ दिल्याचा आरोप. हा निकाल चुकला असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्यापाशी काही नाही. पण कट शाबीत व्हायला किती पुरावा लागतो, आणि कटातल्या माणसाला प्रत्यक्ष मारणाऱ्याइतकीच शिक्षा असावी का, हे विचारणारा माणूस त्या लेकराचा वैरी कसा होतो? सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने सगळा पुरावा पुन्हा तपासून कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. हा नियम आरोपीच्या नातेवाइकांनी केलेला नाही, फौजदारी कायद्यातच तो आहे. जी शंका कायदा स्वतः घेतो, ती नागरिकाने घेतली की पाप ठरते, हे मला पटत नाही.

यावर उत्तर मिळतं की वर उच्च न्यायालय आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, ती मंडळी बघतील, तुम्ही कोण? तीन चाळण्यांतून गेलेलं धान्य पुन्हा निवडायचं कशाला?

हे म्हणणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला एक खटला नीट वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ५ जून २००३ च्या रात्री मळ्यातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, त्यांत घरातली कोवळी मुलगीही होती. मारण्याआधी तिच्यावर बलात्कार झाला. आईवरही झाला. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपही रद्द केली आणि सहाही जण पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. तिन्ही चाळण्या झाल्या. खालच्या चाळणीत निसटलेलं वरच्या चाळणीत सापडलं तर नाहीच, शिक्षा आणखी कडक झाली.

मग २०१८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला, प्रकरण नव्याने ऐकलं आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी कायद्याने अल्पवयीन होता आणि तरीही फाशीच्या कैद्याचं आयुष्य जगला. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला झाला.

"म्हणजे सुटले तांत्रिक मुद्द्यावर," असं कुणी म्हणण्याआधी पुढची गोष्ट ऐका. मला या लेखात खरं तर एवढंच सांगायचं आहे. घटनेनंतर लगेचच पोलिसांनी त्या वाचलेल्या आईला दप्तरी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने त्यातले चार चेहरे ओळखले. ते चौघे या सहांतले नव्हते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा संसार कापला गेला होता, स्वतःच्या देहावर तिने ते सोसलं होतं, आणि ती सांगत होती की हे ते चौघे. त्या चौघांवर आरोपपत्र ठेवलं गेलं नाही. का नाही, याचं धड उत्तर सरकार पक्षाला देता आलं नाही. पुढे ओळख परेड झाली, सहा मजूर उभे केले गेले आणि अल्बममधली ती ओळख कागदांच्या गठ्ठ्यात तशीच पडून राहिली. ती कागदावर होती.

आता सांगा, शंका घेणं म्हणजे पीडितेचा अपमान का? या खटल्यात पहिली शंका त्या माउलीचीच होती. तिचं ऐकलं असतं तर सहा माणसं सोळा वर्षं कोठडीत गेली नसती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या मुलीचे मारेकरी कदाचित सापडले असते. तिचा अपमान निकालावर प्रश्न विचारणाऱ्यांनी केला नाही. तपास उरकणाऱ्यांनी तिचा शब्द बाजूला सारला, अपमान तो होता. सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली: हे सारे भटक्या जमातीतले, समाजाच्या तळचे गरीब मजूर होते आणि अशांना खोटं गुंतवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्या कर्जत-जामखेड-श्रीगोंद्याकडच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. रात्री दरोडा पडला की सकाळी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्याच्या सवयीतून तो गेला नाही.

दुसरा आक्षेप असा की एकदा शंकेला दार उघडलं की सगळेच सुटतील. याला आमच्याच सोनईचं उत्तर आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यात तीन दलित तरुणांना प्रेमप्रकरणावरून क्रूरपणे मारलं. स्थानिक दबावामुळे खटला नाशिकला हलवावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने एकेका आरोपीविरुद्धचा पुरावा वेगवेगळा तपासला, मुख्य आरोपींची शिक्षा कायम ठेवली आणि त्याच निकालात एकाला निर्दोष सोडलं. शंका घेतली म्हणून सोनईचा खटला कोसळला नाही. उलट चाळून उरलेला निकाल अधिक भक्कम झाला. नाहीतर त्या एका माणसाची फाशी उरलेल्यांच्या शिक्षेला कायमचा डाग लावून गेली असती.

तिसरा आक्षेप मात्र मला खरंच अस्वस्थ करतो, कारण तो घेणारी माणसं स्वतः होरपळलेली आहेत. ती म्हणतात, या जिल्ह्यात शंकेचा फायदा मिळतो तो बळवंतालाच. खर्ड्याचं काय झालं? २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला दिवसाढवळ्या मारलं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्याच सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कोपर्डीच्या शिक्षेचा तोच महिना, तेच न्यायालय. ज्या माणसाने हे दोन निकाल एका आठवड्यात ऐकले, त्याला शंका या शब्दाचाच राग आला तर मी त्याला दोष देणार नाही.

पण त्याच्यासमोर हात जोडून मला एक म्हणायचं आहे. खर्ड्याचा निकाल आणि नाशिकचा निकाल एकमेकांच्या उलट दिसतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. तपास कच्चा, सारा भार साक्षीदाराच्या तोंडावर. खर्ड्यात ते तोंड दाबलं गेलं म्हणून आरोपी सुटले. नाशिकमध्ये ते तोंड जे बोललं ते सोयीचं नव्हतं म्हणून बाजूला ठेवलं आणि भलतेच अडकले. कोपर्डीनंतर निघालेल्या मोर्चांत फाशीची मागणी होती, खर्ड्यानंतरच्या निदर्शनांतही शिक्षेची मागणी होती. दोन्हीकडचं दुःख खरं होतं. आपल्या माणसाला शिक्षा झाली की निकालावर शंका, समोरच्याला झाली की निकाल अंतिम, ही आमची रीत मात्र खोटी आहे. शंकेला जात चिकटली की ती शंका राहत नाही, पक्ष होतो.

म्हणून मला जी शंका हवी आहे ती ठोस आहे. ओळख परेड किती दिवसांनी घेतली, त्याआधी आरोपींचे चेहरे गावाला दिसले होते का? पंच कोण होते, दर खटल्यात तेच ते कसे? मुद्देमाल सीलबंद कधी झाला, प्रयोगशाळेत कधी पोचला? साक्षीदाराने पहिल्या दिवशी काय सांगितलं आणि आरोपपत्रात काय आलं? हे प्रश्न पारावर, वर्तमानपत्रात, वकिलांच्या चर्चेत विचारले गेले पाहिजेत, निकाल आवडता असो वा नावडता. सात वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलं आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच कायद्याचं बळ दिलं. ती योजना आपल्या तालुक्यात किती जणांना मिळाली, हे आमदारांना विचारण्यासाठीही एखादा मोर्चा निघू शकतो. चुकीने तुरुंगात गेलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून विधी आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्याचा कायदा झालेला नाही. त्या सहा मजुरांना मिळालेले पाच लाख हा न्यायमूर्तींचा विवेक होता, त्यांचा हक्क म्हणून कुठे लिहिलेला नव्हता.

२०१९ च्या निकालात न्यायालयाने महाराष्ट्राच्या गृहखात्याला सांगितलं होतं, की हा तपास ज्यांच्या हातून बिघडला ते अधिकारी शोधा. पाच लाखांची बातमी आमच्याकडे सगळ्यांनी वाचली. या आदेशाबद्दल मात्र मी गेल्या काही वर्षांत कुणाला बोलताना ऐकलेलं नाही, आणि अल्बममध्ये त्या आईने बोट ठेवलेल्या चार चेहऱ्यांबद्दल तर नाहीच.